संशयित जमीन लहान करताना : उत्तर श्रीलंकेतल्या एका गावाचा नकाशा, मुंबईतून

पार्श्वभूमी

उपग्रहाच्या चित्रात भूसुरुंग दिसत नाही. हे आधीच सांगते, कारण या कामाबद्दल ऐकल्यावर पहिला प्रश्न हमखास तोच येतो. माणसासाठी पेरलेला सुरुंग साधारण तळहातात मावेल एवढा असतो, आणि तो मातीखाली असतो. वर्ल्डव्ह्यू-३ सारख्या उपग्रहाचे चित्र घेतले तरी त्यातला एक ठिपका जमिनीवर तीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे चार-पाच सुरुंग एकाच ठिपक्यात मावतील आणि त्यांचा मागमूसही लागणार नाही. चित्रात दिसतात ती सुरुंग पेरण्यामागची कारणे : मोर्चाचा, म्हणजे सैन्याच्या आघाडीच्या रेषेचा, मातीचा बांध, त्यापुढचा खंदक, वापर थांबलेली पायवाट, नांगर न लागलेले शेत. ही कारणे नकाशावर आणली की कुठे खणायलाच हवे आणि कुठे खणण्याची गरज नाही, हे ठरवायला आधार मिळतो. या प्रकरणात आम्ही तेवढेच केले, आणि तेवढ्यासाठीही किती ठिकाणी थांबून विचार करावा लागला ते इथे मांडते आहे.

आमचे कार्यालय विक्रोळीत आहे. रोजचे काम पालिकांचे मालमत्ता सर्वेक्षण, जलवाहिन्यांचे नकाशे, खारफुटीची मोजणी असे. उत्तर श्रीलंकेत सुरुंग काढणाऱ्या एका संस्थेने काही वर्षांपूर्वी एका गावाच्या जमिनीसाठी आमची मदत मागितली. गाव, संस्था आणि माणसे ओळखू येणार नाहीत अशा बेताने लिहिले आहे. क्षेत्रफळाचे आकडेही त्याच कारणाने दिलेले नाहीत.

श्रीलंकेतले युद्ध १९८३ पासून मे २००९ पर्यंत चालले. जाफना द्वीपकल्प मुख्य भूमीला जिथे जोडला जातो त्या चिंचोळ्या पट्ट्यात दोन्ही बाजूंचे मोर्चे वर्षानुवर्षे जवळपास त्याच जागी राहिले. मोर्चा हलत नाही तेव्हा त्याच्या पुढे सुरुंगांचे थर साचत जातात. तिथल्या मुहमालई गावाचे नाव त्यामुळेच जगभर गेले. आमचे गाव मुहमालईचे नव्हे, पण जात तीच : एका बाजूला खाजण, दुसऱ्या बाजूला ताडांची झाडी, मधे पावसावरची भातशेती आणि तिला आडवा छेद देणारी जुनी मोर्चाची रेषा. २००२ चा युद्धविराम, २००६ ला पुन्हा पेटलेली लढाई आणि २००९ चा शेवट, तिन्ही टप्पे या जमिनीने पाहिले.

युद्ध संपल्यावर छावण्यांतून माणसे परतू लागली आणि घाईघाईत सर्वेक्षण झाले. जिथे शंका तिथे लाल रेघ ओढली गेली. त्या वेळी ते बरोबरच होते. पण एकदा लाल झालेली जमीन आपोआप पांढरी होत नाही. या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे जमीन तीन वाटांनी मोकळी होते. चौकशी आणि कागदपत्रांवरून धोक्याचा पुरावाच नाही असे ठरले तर ती संशयित जमिनींच्या यादीतून काढली जाते. काही भाग यंत्राने वा हाताने तपासून (तांत्रिक तपासणी) उरलेल्या जमिनीची हद्द आवळली जाते. आणि जिथे सुरुंग आहेतच, तिथे वीत-वीत साफ करावी लागते. नकाशाचा हात पोचतो तो पहिल्या दोन वाटांना. तिसरी माणसांची, गुडघ्यांवर बसून करायची.

अडचण

लाल रेघेच्या आत भातखाचरे होती, ताडांचे एक बन होते, दोन विहिरी होत्या, एक कोविल, म्हणजे देऊळ, होते आणि खाजणाच्या काठाची खारी जमीन होती. सगळे एकाच रंगात. कुठे संशय जास्त, कुठे कमी, याचा काही उलगडा त्या आकृतीत नव्हता.

या भागात सुरुंग काढायची रीत वेगळी आहे. इथल्या सुरुंगांत धातू अगदी कमी असतो. पाकिस्तानी बनावटीच्या पी-४ मार्क-१ मध्ये नावापुरता, आणि तमिळ वाघांनी (एलटीटीईच्या बंडखोरांनी) घरच्या घरी बनवलेल्या 'जॉनी' सुरुंगाची पेटी तर लाकडाची. त्यात युद्धभूमीवर गोळ्यांचे, छर्ऱ्यांचे तुकडे इतके की धातुशोधक यंत्र सारखे वाजत राहते. म्हणून माती दंताळ्याने ओढत, थर उलगडत जातात. आधी जड दंताळे, मग हलके. संरक्षक कवच आणि तोंडावर काच लावून, उन्हात. एका माणसाचे दिवसभराचे काम काही चौरस मीटर. त्या वेगाने लाल रेघेतली सगळी जमीन ओढायची तर गावाने आणखी कित्येक हंगाम वाट पाहावी लागली असती.

आणि हंगामाचाच प्रश्न होता. उत्तर श्रीलंकेतला भात ईशान्य मान्सूनच्या पावसावर येतो. सप्टेंबरात नांगरट, ऑक्टोबरच्या सुमारास पेरा, जानेवारी-फेब्रुवारीत कापणी. काम आमच्याकडे आले तेव्हा नांगरटीला जेमतेम पाच महिने उरले होते.

हाती कागद थोडे. लष्कराच्या एका सुरुंगपट्ट्याची नोंद होती, तिच्यात एक संदर्भ बिंदू, कंपासचे अंश आणि अंतरे. दोन अपघातांच्या टिपा होत्या. गावकऱ्यांच्या मुलाखतींच्या तमिळ वह्या होत्या. बंडखोरांच्या बाजूची नोंद एकही नव्हती.

समोरचे पर्याय

सगळी जमीन साफ करणे हा सर्वांत सुरक्षित वाटणारा पर्याय. त्याची किंमत मात्र लपून राहते : एका गावात दंताळी अडकली की शेजारच्या गावात, जिथे सुरुंग नक्की आहेत, तिथे ती पोचत नाहीत. जिथे काहीच नाही तिथे माणसे गुडघ्यांवर बसवणे ही सुरक्षितता नाही, असे संस्थेच्या क्षेत्र समन्वयकाचे म्हणणे होते आणि ते आम्हाला पटले.

दुसरा पर्याय ड्रोनचा. ड्रोनवरच्या उष्णता कॅमेऱ्याने सुरुंग टिपण्याचे प्रयोग अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात झाले आहेत, पण ते पीएफएम-१ या जमिनीवर विखुरल्या जाणाऱ्या 'फुलपाखरू' सुरुंगावर. आमचे सुरुंग पुरलेले, आणि वर इतक्या वर्षांचे गवत व झुडपे. ड्रोनचे साधे छायाचित्र उपयोगी पडले असते, पण परवानगीला लागणारा वेळ हंगामात बसत नव्हता.

तिसरी सूचना आमच्याच एका तरुण सहकाऱ्याची : शेजारच्या पट्ट्यातले बांध दाखवून संगणकाला शिकवायचे आणि इथले बांध त्यानेच काढायचे. करून पाहिले. बांध त्याने काढले, पण भाताचे बांध, रेल्वेचा भराव, खाजणाचा बांध आणि मोर्चाचा बांध यांत त्याला फरक कळेना. एवढ्या लहान क्षेत्रात डोळ्याने पाहणेच जलद ठरत होते.

राहिला तो चौथा : युद्धाच्या काळातली जुनी चित्रे संग्रहातून विकत घ्यायची, आजच्या चित्रांशी ताडायची, आणि जे दिसेल ते मुलाखतींवर घासून पाहायचे. पैसे बेताचे होते, म्हणून मोजक्याच तारखा निवडायच्या होत्या. नवे, जास्त स्पष्ट चित्र घ्यावे असा आग्रह काहींचा होता. मी जुन्यासाठी अडून बसले. आजच्या चित्रात ताडाचे पान न् पान दिसेल, पण मोर्चाचा बांध २००९ नंतर पावसाने धुपला, काही ठिकाणी शेतकऱ्यांनी माती नेली. ताजा उकरलेला बांध, उजळ मातीचा, सावलीसकट दिसेल तो २००६ ते २००९ च्या चित्रांतच. शेवटी युद्धविरामातली एक, लढाई पेटल्यानंतरची दोन आणि युद्ध संपल्यावरची एक अशी चित्रे घेतली. पीकपाणी पाहायला सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची, दहा मीटरच्या ठिपक्यांची चित्रे फुकट होतीच.

काय केले : आधी कागद जागेवर आणले

लष्करी नोंदीतला संदर्भ बिंदू नकाशावर टाकला तर तो खाजणाच्या पाण्यात पडला. पाण्यात कोणी संदर्भ बिंदू धरत नाही.

आपल्याकडचे जुने टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचा नकाशा) गूगल अर्थवर तसेच टाकले की ते सरकते, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कारण ते एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या एका जुन्या मापावर, आधारलेले असते आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ या नव्या मापावर. श्रीलंकेचा जुना आधारही एव्हरेस्टच, तिथल्या कांडवला डेटमचा (डेटम म्हणजे नकाशाची मोजणी जिच्यावर टेकते ती आधारचौकट). तिथे हा फरक दोनशे मीटरहून जास्त भरतो. डेटम बदलल्यावर बिंदू पाण्यातून उठून रेल्वेच्या भरावाशी आला. नोंदीत 'मोरी' असा उल्लेख होता, आणि भरावाखाली मोरी होती. युद्धात रूळ उखडले गेले होते, भराव राहिला होता. २०१४ मध्ये गाडी पुन्हा जाफन्यापर्यंत गेली. नवी मोरी जुन्याच जागी बांधली आहे का, हे क्षेत्रावरच्या माणसांनी जाऊन पाहिले आणि जुन्या दगडी कडेचे फोटो पाठवले. तेव्हा कुठे तो बिंदू आम्ही पक्का धरला.

इथे पहिला निर्णयाचा क्षण आला. एक नोंद सरकवावी लागली, म्हणून सगळ्याच नोंदी तेवढ्याच सरकवून टाकायचा मोह होतो, कारण संगणकात ते एका कळीचे काम आहे. पण अपघातांच्या टिपा युद्धानंतरच्या होत्या, हातातल्या जीपीएसवर घेतलेल्या. त्या आधीच योग्य जागी होत्या. त्या सरकवल्या असत्या तर अपघाताची जागा दोन शेते पलीकडे गेली असती आणि खरी जागा 'पुरावा नाही' या भागात पडली असती. प्रत्येक कागद कोणी, कधी, कशाने मोजून लिहिला हे स्वतंत्र पाहायचे, असा नियम तिथल्या तिथे केला.

कंपासच्या अंशांचेही तसेच. चुंबकीय उत्तर आणि नकाशाची उत्तर यांत दोन अंशांचा फरक राहिला तर किलोमीटरमागे पस्तीस मीटरची चूक होते. सुरुंगांची रांग पस्तीस मीटर हलवणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

मग चित्रे एकमेकांवर बसवली. वेगवेगळ्या उपग्रहांची जुनी चित्रे एकमेकांपासून दहा-वीस मीटर सरकलेली असतात. कोविलाच्या ओट्याचा कोपरा, दोन्ही विहिरींचे काठ आणि मोऱ्या यांवर ती बांधून घेतली.

मोर्चाचा बांध की खाजणाचा

चित्रांत उत्तर-दक्षिण जाणारी मोर्चाची मुख्य रेषा कोणालाही दिसली असती. हे उपग्रह साधारण सकाळी साडेदहाच्या सुमारास जातात, ऊन पूर्वेकडून असते, त्यामुळे बांधाची पश्चिमेकडची बाजू काळी उमटते. उंचीचा अंदाजही त्या काळ्या पट्टीवरून बांधता येतो. बांधाच्या एका अंगाला ठराविक अंतरावर लहान लहान खाचे होते, पहाऱ्याच्या जागा. दुसऱ्या अंगाला खंदक. खंदक शत्रूच्या दिशेला असतो, त्यामुळे बांधाचे तोंड कुठे आहे ते कळते.

आमचे सल्लागार बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातून, निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे सुभेदार. शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेत जाऊन आलेले. दोन तारखांची चित्रे शेजारी लावून दाखवली, तेव्हा त्यांनी बराच वेळ काही न बोलता पाहिले आणि मग म्हणाले, "मॅडम, इथं तोंड फिरलंय बघा. आधीचे खाचे या अंगाला, नंतरचे त्या अंगाला. म्हणजे बांध एकाकडनं दुसऱ्याकडं गेलाय. मग सुरुंग एकाच बाजूला कसा असंल? दोन्हीकडं धरा."

आमच्या पहिल्या आराखड्यात संशयाची पट्टी फक्त खंदकाच्या बाजूला होती. ती दोन्ही बाजूंना घेतली. जमीन वाढली, पण ही वाढ कारण असलेली होती.

दुसरी रेषा जास्त अवघड निघाली. मुख्य बांधाच्या पश्चिमेला, खाजणाच्या कडेने एक बांध वळणे घेत गेला होता. मूळ सर्वेक्षणात तोही मोर्चाचा धरला होता आणि त्याच्या मागचा मोठा त्रिकोणी तुकडा त्यामुळेच लाल होता. आमचा एक सहकारी पेणजवळच्या खारेपाटातला. घरची भातशेती खाडीच्या बांधाआड. त्याने चित्र मोठे केले आणि बोट ठेवले. "ताई, हा खारबांध आहे. पाण्याच्या वळणाने चाललाय. सैनिक बांध घालेल तर सरळ घालेल किंवा कोन काढत नेईल, खाडीची समजूत काढत नाही जाणार. आणि हे बघा, इथे उघाडी आहे." भरतीचे पाणी अडवायची आणि पावसाचे सोडायची ती उघाडी चित्रात खरेच दिसत होती. बांधातली एक बारीक फट, दोन्ही बाजूंना पाण्याचा गडद ओघळ. आमच्यातल्या बाकी कोणालाही ती कळली नव्हती. युद्धविरामाच्या काळातल्या चित्रातही बांध तसाच होता, खाचे नव्हते, खंदक नव्हता.

म्हणजे हा बांध शेतीचा. त्रिकोणी तुकडा यादीतून काढावा, अशी शिफारस लिहायला घेतली.

सुभेदार साहेबांनी तिथे थांबवले. बांध कोणी घातला हा एक प्रश्न, आणि लढाईत तो कोणी वापरला हा दुसरा. आयता उंचवटा मिळाला तर सैनिक नवा कशाला उकरेल? प्रश्न बिनतोड होता. खाचे नसणे म्हणजे तिथे कायमची ठाणी नव्हती. रात्रीची टेहळणी, माघार घेताना घातलेली एखादी रांग, यांची खूण त्या काळच्या पन्नास-साठ सेंटिमीटरच्या ठिपक्यांत उमटेलच असे नाही.

हिरवा त्रिकोण

मग पिकाकडे वळलो. तुकडा गेली काही वर्षे कसला जात असेल तर प्रश्न मिटला असता, कारण नांगर फिरलेल्या जमिनीइतका सबळ पुरावा दुसरा नाही. सेंटिनेलच्या चित्रांवरून हिरवेपणाचा आलेख काढला. नोव्हेंबरात वर चढतो, जानेवारीत शिखर, मार्चपर्यंत खाली. शेजारच्या कसलेल्या शेतांसारखाच. कार्यालयात सगळ्यांचे चेहरे खुलले. नांगरटीआधी हा मोठा तुकडा गावाला मिळेल असे वाटू लागले.

आलेख ठेवून चित्रे एकेक करून पाहिली तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. शेजारची शेते सप्टेंबरात उघडी, तपकिरी पडत होती. नांगरटीची खूण. त्रिकोण सप्टेंबरातही मळकट हिरवाच राहत होता. आणि शेजारी कापणीनंतर हिरवेपणा एकदम पडे, इथे तो हळूहळू ओसरत होता. तपशिलाच्या चित्रात खाचरांचे आतले बांध पुसट झालेले, अधूनमधून झुडपांचे ठिपके, आणि त्यांतून जाणाऱ्या गुरांच्या बारीक वाटा. म्हणजे हिरवे होते ते पावसाचे गवत.

मुलाखतींच्या वह्या आमच्या एका सहकारी मुलीने वाचल्या. ती धारावीत वाढलेली, घरात तमिळ. जाफन्याची तमिळ तिला आधी थोडी अडली, म्हणून क्षेत्रावरच्या मुलाखतकाराशी तिने फोनवर पुन्हा बोलून घेतले. गावकऱ्यांचे म्हणणे स्पष्ट होते : आम्ही तिथे जात नाही, गुरे जातात, अजून काही झालेले नाही.

गुरांचा पुरावा किती धरायचा, यावर दोन दिवस चर्चा झाली. गुराच्या पायाखाली सुरुंग फुटतो, त्यामुळे इतकी वर्षे गुरे चरत असतील तर त्याला काही अर्थ आहे, हे खरे. पण गुरे त्याच त्या वाटांनी जातात. चित्रातल्या वाटा मोजल्या तर त्रिकोणाचा फारच थोडा भाग त्यांखाली येत होता, आणि मुख्य बांधाला चिकटलेल्या कोपऱ्यात तर एकही वाट जात नव्हती. गुरे त्या वाटेवर सुरक्षित होती, एवढेच त्यातून निघत होते.

शेवटी शिफारस अशी गेली : त्रिकोण यादीतून काढू नये, पूर्ण साफही करू नये, त्याची तांत्रिक तपासणी करावी आणि सुरुवात मुख्य बांधाकडच्या कोपऱ्यापासून व्हावी. निर्णय आमचा नव्हताच. मुंबईत बसून शिफारस करता येते. जमीन मोकळी करण्याचा अधिकार क्षेत्रावरच्या संस्थेचा आणि शेवटी श्रीलंकेच्या राष्ट्रीय सुरुंग कृती केंद्राचा. हा क्रम कधीही उलटा होता कामा नये.

हद्द कुठून न्यायची

पूर्वेकडच्या मोठ्या भागाबद्दल मात्र शंका उरली नव्हती. चारही चित्रांत मोर्चाची एकही खूण नाही, अपघात नाही, नोंद नाही, आणि बऱ्याच शेतांत सप्टेंबरची तपकिरी खूण वर्षानुवर्षे दिसते. म्हणजे लाल रेघ असूनही लोक तिथे पोटासाठी नांगर धरतच होते. तो भाग आधी मोकळा करून बाकीचा मागून घ्यायचा, असे ठरले.

आम्ही नेमकी आकृती काढून पाठवली. पुराव्यापासून मोजलेली, मीटरच्या हिशेबाने काटेकोर. समन्वयकाने ती परत पाठवली. हद्द एका शेतकऱ्याच्या खाचरांतून तिरपी जात होती. खांब रोवले तरी पावसाळ्यात गवत वाढणार, खांब पडणार, कोणी जळणाला नेणार. नांगर धरलेल्या माणसाला रेघ जमिनीवर दिसली पाहिजे. मग हद्द नव्याने आखली : एका बाजूला ताडाच्या झावळ्यांचे जुने कुंपण, पुढे खाचराचा मोठा बांध, मग बैलगाडीची वाट. या फेरबदलात काही चांगली जमीन तूर्त लाल बाजूला गेली. ज्यांची ती होती त्यांची नाराजी रास्त होती, आणि ती संस्थेच्या माणसांनी त्यांच्या घरी जाऊन ऐकून घेतली. तरीही मला ही हद्द जास्त योग्य वाटते. तिच्यासाठी कोणाला जीपीएस लागत नाही, लहान मुलालाही ती दाखवता येते.

निकाल

मूळ लाल आकृतीतला निम्म्याहून बराच जास्त भाग चौकशी आणि चित्रांच्या आधारे यादीतून निघाला. त्यातला पूर्वेकडचा तुकडा नांगरटीआधी गावाला मिळाला, दोन विहिरींपैकी एक त्यात होती. लष्करी नोंदीतली रांग दुरुस्त केलेल्या जागेच्या आसपासच सापडली. आम्ही दिलेल्या पट्टीच्या आत, पण मधोमध नाही, एका कडेला. बांधाच्या दोन्ही अंगांना सुरुंग निघाले. वळलेल्या तोंडाची खूण तिथे खरी ठरली.

त्रिकोणात तांत्रिक तपासणी झाली तेव्हा मुख्य बांधाकडच्या कोपऱ्यात लाकडी पेट्यांचे सुरुंग निघाले. पेट्या कुजलेल्या, आतला स्फोटक शाबूत. तिथून पुढे खारबांधाच्या कडेने काही सापडले नाही, आणि त्रिकोणाचा मोठा भाग पुढच्या हंगामात मोकळा झाला. शिफारसीचा पहिला मसुदा तसाच गेला असता तर तो कोपराही नांगराखाली आला असता.

खाजणाच्या अगदी काठची पट्टी या कामात मोकळी झाली नाही. भरतीच्या पाण्याने आणि वाळूने तिथली जमीन इतकी हलली आहे की २००७ च्या चित्रातली जागा आजची राहिलेली नाही.

वेगळे काय करता येईल

सर्वांत मोठा बदल नकाशाच्या रंगांत हवा. आमच्या मसुद्यात दोनच वर्ग होते, पुरावा असलेले आणि नसलेले. 'पाहिले आणि काही दिसले नाही' आणि 'नीट पाहताच आले नाही' या दोन्ही जागा त्यामुळे एकाच फिकट रंगात आल्या. ताडाच्या दाट बनाखालची जमीन कुठल्याही चित्रात दिसत नाही, तरी ती स्वच्छ शेताच्याच रंगात रंगली होती. समन्वयकाने विचारले म्हणून ते उघड झाले. आता तिसरा वर्ग वेगळ्या, गडद रंगात असतो, आणि प्रत्येक आकृतीच्या माहितीत पुरावा कोणता, कोणत्या तारखेचा, कोणी पाहिला आणि पायी की चित्रात, हे चार रकाने भरल्याशिवाय आकृती पुढे जात नाही.

मुलाखती आधी वाचायला हव्यात, चित्रे नंतर. आम्ही उलट क्रमाने गेलो. गुरांचा उल्लेख वहीत पहिल्यापासून होता. तो आधी वाचला असता तर हिरव्या आलेखावर इतका वेळ गेला नसता. शिवाय मुलाखती मुख्यतः शेतकरी पुरुषांच्या होत्या. जळण गोळा करायला आणि काठावर खेकडे धरायला बायका-मुले जातात. कुठली वाट कधीपासून टाळली जाते हे त्यांना जास्त बारकाईने ठाऊक असते, आणि त्यांना विचारायला बाईच पाठवावी लागते. पुढच्या गावात संस्थेने तसे केले, आणि खाजणकाठची एक टाळलेली वाट आम्हाला चित्राआधी त्यांच्याकडून कळली.

चौथे चित्र, युद्धानंतरचे, घेतले नसते तरी चालले असते. त्या पैशांत आमच्यातले एक माणूस गावाला जाऊन आले असते. खारेपाटातला सहकारी त्या उघाडीपाशी उभा राहिला असता तर बांध कितपत जुना, कोणी राखलेला, मधे कोणी उकरलेला, हे त्याने तिथेच सांगितले असते.

गोपनीयतेचा करार शेवटी झाला, तो सुरुवातीला व्हायला हवा. सुरुंगांच्या नेमक्या जागा असलेली फाइल चुकीच्या हाती गेली तर कोणी ते काढून वापरूही शकते. आता अशा कामाची फाइल कार्यालयातल्या एकाच यंत्रावर राहते, ते यंत्र इंटरनेटला जोडलेले नसते, आणि काम संपल्यावर प्रती क्षेत्रावरच्या संस्थेकडे सोपवून इथल्या पुसल्या जातात.

श्रीलंका डिसेंबर २०१७ मध्ये सुरुंगबंदी कराराला जोडली गेली, आणि करारानुसार जमीन साफ करण्याची तिची मुदत जून २०२८ पर्यंत आहे. खाजणकाठची ती पट्टी अजून यादीत आहे. तिच्यासाठी वेगवेगळ्या वर्षांच्या चित्रांतून किनारा कसा सरकत गेला याचे आखणीचे काम सध्या चालू आहे, आणि पावसाळ्याबाहेरच्या एका भेटीची तारीख ठरवायची आहे.